येती तार

काशिनाथ,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. आयुष्यभर मी तुला 'अरे काशिनाथ' म्हणत आलो आणि तू मला 'सायेब'. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होतास, हे मला आत्ता तुझ्या जावयाकडून कळलं. कारखान्यात वय विचारायची पद्धत नव्हती, हुद्दा विचारायची होती. मी ड्राफ्ट्समन, पुढे वर्कशॉपचा फोरमन. तू आधी मदतनीस, मग फिटर, आणि शेवटची वर्षं गेटजवळच्या स्टोअरमध्ये पोती आणि खिळ्यांच्या पेट्या सांभाळणारा. चांगल्या फिटरचा स्टोअरवाला कसा झाला, याची कहाणी सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. फक्त ती खरी नव्हती.

सरळ लिहितो, नाहीतर इथेही फाटे फोडत बसेन. तुझ्या हाताला काहीही झालं नव्हतं. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. एवढं एक वाक्य मी तुला अकरा वर्षं सांगितलं नाही, आणि आता सांगतोय तेव्हा तू ऐकायला नाहीस. मेलेल्या माणसापुढे कबुली द्यायला काही छाती लागत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्याकडे तेवढीच उरली आहे.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतो. कुंभिवलीच्या पुढे हायवेला लागून आमचा कारखाना नुकता उभा राहत होता. खाणीत आणि बोगद्यात सुरुंगाला ज्या टोप्या लागतात, त्या इथे बनायच्या. भरतीला आलेल्यांना मी कानस चालवायला देत होतो. तू कानस अशी धरलीस की मला हसू आलं.

"कुठं काम केलंस आधी?"

"माथेरानला. घोडं चालवीत होतो, सायेब. चार म्हैने वर घोडं, पावसाळ्यात खाली भात."

"मग इथं काय चालवणार?"

"तुमी द्याल त्ये."

मी वैतागून तुझ्या हातात सहा पॉलिश केलेल्या सळ्या दिल्या आणि म्हटलं, यातली वाकडी कुठली ते सांग. मला स्वतःला ते गेज लावल्याशिवाय कळत नसे. तू डोळे मिटलेस, एकेक सळी बोटांवरून फिरवलीस आणि एक बाजूला काढलीस. मग थोडं थांबून दुसरीही काढलीस. "ही पन. पन हिचं लई कमी हाय." मी गेज लावलं. दोन्ही वाकड्या होत्या. दुसरीचं मलाही माहीत नव्हतं.

तुला घेतलं. त्या नोकरीत मी केलेलं ते एकमेव चांगलं काम म्हणायला हरकत नाही.

मग ती पावडरची खोली आली. टोपीत भरायची पावडर एवढी नाजूक की नीट चिमटीत दाबली तरी भडका उडावा. जाड भिंतीची खोली, भिंतीत हातभर जाडीची काच, आणि माणूस बाहेर. आधी लांब दांड्यांच्या चिमट्यांनी काम चालायचं. रोज काही ना काही सांडायचं. मग मुंबईच्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकातलं एक पान आणून माझ्यापुढे टाकलं. माणूस काचेच्या अलीकडे हातमोजा घालून बोटं हलवतोय आणि पलीकडे लोखंडी हात तशीच बोटं हलवतोय. "हे आपल्या वर्कशॉपात करा," म्हणाले. जसं काही चहा करा.

मी चार महिने खपलो. भिंतीच्या आत पत्र्याचा हात, दोन बोटं आणि अंगठा. बाहेर चामड्याचा हातमोजा. मधून सायकलच्या ब्रेकच्या तारा, छोट्या चाकांवरून भिंतीपार गेलेल्या. हातमोज्यात बोट वाकवलं की आत पत्र्याचं बोट वाकायचं. मला तर आपण जग जिंकलं असं वाटलं. सगळ्या वर्कशॉपला काचेपुढे उभं केलं आणि ऐटीत आत टोपलीभर अंडी ठेवली. पहिलं फुटलं. दुसरं फुटलं. सातवं फुटलं तेव्हा कँटीनवाला म्हणाला, "सायेब, उरलेली मना द्या, मी घरच्या हातानं फोडतो." सगळे हसले. तू हसला नाहीस. लोक पांगल्यावर तू हातमोजा घातलास, दोन-तीनदा बोटं हलवलीस आणि म्हणालास, "ह्यो जातोय, सायेब, पन येत नाय."

"काय येत नाही?"

"तिकडचं इकडं. तुमी हुकूम धाडताय. तिकडून जबाबच नाय."

मी तुला झापलं असतं, पण सात अंडी फोडून झाली होती. तू मला घोड्याचं सांगितलंस. नवशिका प्रवासी लगाम ओढतो आणि त्याला वाटतं की लगाम घोड्याला सांगायला असतो. लगाम घोड्याकडून ऐकायलाही असतो. घोडा बुजणार असला की आधी त्याचं तोंड ताठतं, ते चामड्यातून तुमच्या बोटाला लागतं, मग कान हलतात, आणि मग पाय. "डोळ्यांनी कान बगत बसाल तर खाली दरीत जाल," असं तू म्हणालास. मी आयुष्यात घोड्यावर बसलो नव्हतो. पण तुझं म्हणणं डोक्यात शिरलं, कारण ते अंड्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

येती तार तुझी, काशिनाथ. कागदावर मी काढली, कोपऱ्यात सही माझी आहे, पण तार तुझी. पत्र्याच्या बोटाच्या टोकाला रबराची गादी. ती कशाला टेकून दबली की तिला बांधलेली दुसरी बारीक तार ओढली जायची. ती तार भिंतीपार उलटी बाहेर यायची आणि हातमोज्यात तुमच्या बोटाच्या पेराला आतून एक चामड्याची गुंडी दाबायची. तिकडे जेवढा दाब, इकडे तेवढी गुंडी. मनगटाशी पितळेचा नट होता, सायकलच्या ब्रेकला असतो तसा, तार सैल-घट्ट करायला. हातमोज्याचं चामडं तू माथेरानहून एक जुनं खोगीर आणून कापलंस, शिवलंसही तूच. माझ्या बायकोने ते पाहून विचारलं होतं, ही शिलाई कोणत्या बाईची आहे.

पहिल्यांदा तो हातमोजा मी घातला तेव्हा आत लिंबू ठेवलेलं होतं. मी बोटं मिटत आणली, आणि माझ्या पेराला काहीतरी हळूच टेकलं. भिंतीपलीकडचं लिंबू मला टेकलं होतं. मी दाबलं, ते थोडं दबलं आणि मग त्याने मला अडवलं. मी तुझ्याकडे पाहिलं, तू लहान पोराला पहिल्यांदा पाण्यात सोडल्यावर बाप बघतो तसं माझ्याकडे बघत होतास. त्या दिवशी मी तुला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तसलं आनंदाचं मला पुन्हा काही मिळालं नाही.

मग सात वर्षं तू त्या काचेपुढे बसलास. बारीक काचेच्या कुपीत पावडर असायची. ती कुपी चिमटीत उचलायची, तिरकी करायची, गाळणीत ओतायची, परत ठेवायची. सात वर्षांत तुझ्या हातून एक कुपी तडकली नाही. रोज सकाळी आल्या आल्या तू नट तपासायचास, कारण उन्हाने तार सैल पडायची आणि पावसाळ्यात आखडायची. नटाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा तुझा नियम सगळे पाळत होते. म्हणजे मी सोडून सगळे.

आपलं भांडणही तिथलंच. इतरांची बोटं त्या गुंडीने दुखायची. दिवसभर बोटावर कोणी टिचकी मारत बसल्यासारखं वाटतं, अशी त्यांची तक्रार. मला येती तार काढून टाकायची होती. त्याऐवजी पत्र्याच्या बोटावर खुणा करायच्या, काचेतून बघून लाल खुणेपर्यंत मिटायचं आणि थांबायचं. सोपं, हलकं, कोणालाही शिकवता येईल असं. मी कितीदा तुला ते पटवून द्यायला बसलो!

"काचेतून तुला दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय की. पन दिसणं म्हंजे धरणं नाय, सायेब."

"कुपी एकाच मापाची असते, काशिनाथ. खूण केली की झालं."

"अंधारात पोराच्या अंगावर पांगरूण टाकता, तवा दिवा लावून माप घेता का?"

मी चिडायचो. तू चिडत नसायचास, त्याने मी आणखी चिडायचो. शिकलेला माणूस मी आणि गप्प व्हायची वेळ दर वेळी माझ्यावर. खरं सांगतो, त्यात थोडी खुन्नसही होती. साहेब लोक पाहायला यायचे तेव्हा हातमोजा माझा असायचा, पण हात तुझा लागायचा.

तो दिवस. मुंबईहून मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबर पाहुणे येणार होते. मागच्या खेपेला साहेबांनी हातमोजा घालून पाहिला होता, आणि गुंडी बोटात रुतल्यावर "अरे, हा तर चावतो" म्हणून सगळ्यांदेखत काढून ठेवला होता. या वेळी मला ते नको होतं. फोरमनची जागा रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. सकाळी तू तुझा नट तपासून घेतलास. मग मी तुला शहाळी आणायला कुंभिवलीच्या टपरीवर पिटाळलं. शहाळी आणायला दुसरा कोणीही गेला असता. तू नसताना मी नट साडेतीन फेरे सैल केला. पाहुण्यांचं बोट दुखू नये म्हणून. आपल्याकडे पाहुण्याला टोचेल ते आपण बाजूला सारतो, तसं.

साहेबांनी हातमोजा घातला, आत ठेवलेला लाकडी ठोकळा उचलला, ठेवला, हसले. पाहुण्यांनीही उचलला. "फारच हलका केलात," साहेब म्हणाले. मी मान लववली. मग सगळे जेवायला बंगल्यावर गेले आणि मलाही पंगतीला बसवलं. फोरमनच्या जागेबद्दल साहेब काही सूचक बोलले, आणि मी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं. नट माझ्या डोक्यातून साफ गेला. कोणी मुद्दाम केलं असतं तर त्याला निदान आठवण तरी राहिली असती.

तू दुपारी बसलास. सकाळी नट तपासलेला होता, मधे त्याला कोण हात लावणार? तू कुपीवर बोटं मिटलीस. जबाब आला नाही. तुला वाटलं, अजून टेकली नाहीत. आणखी मिटलीस. जबाब नाही. आणखी थोडी.

आवाज बंगल्यापर्यंत आला. मी धावत पोचलो तेव्हा काच आडवी तडकली होती, आत पत्र्याची बोटं वाकडी झाली होती, भिंत होती तशी होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. तू स्टुलावर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होतास.

"मना कायच आलं नाय, सायेब," तू म्हणालास. "मी धरीत होतो नि हाताला कायच आलं नाय."

ऐकताक्षणी मला सगळं कळलं. मी तोंड उघडलं होतं, काशिनाथ, हे तुला शपथेवर सांगतो. पण मागे साहेब येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, चूक कोणाची? आणि मी शब्द जुळवतोय तोवर तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "माजी, सायेब. माजा हात मेला."

मला खोटं बोलावंही लागलं नाही. नुसतं गप्प बसावं लागलं, आणि ते मला चांगलं जमतं.

सगळ्यांना मोजणीसाठी पटांगणात उभं केलं तेव्हा 'मी हातमोजा तपासतो' म्हणून मी एकटा मागे राहिलो. नट साडेतीन फेरे घट्ट केला. दोन मिनिटांचं काम. सैल करण्याला मी एक वेळ विसरभोळेपणा म्हणेन, पण या दोन मिनिटांना नाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू लवकर आलास. तुझ्या मनात नटाचंच आलं होतं, येणारच. तू हातमोजा घातलास आणि मला म्हणालास, "सायेब, जरा आत जाऊन येती तार वडा." मी आत गेलो. वाकड्या बोटांमधून तारेचं टोक हातात घेतलं आणि ओढलं. काचेच्या तड्यापलीकडे तुझा चेहरा दोन तुकड्यांत दिसत होता. मी पुन्हा ओढलं.

"हां," तू म्हणालास. "येतंय. बरोबर येतंय."

हातमोजा काढून तू खुंटीला लावलास. "म्हंजे काल हातच. येतो नि जातो म्हनायचा. कदी मरंल सांगता येत नाय." मी म्हटलं, "असेल, थकवा असेल." एवढंच बोललो. त्या वाक्याने तुझी पुढची अकरा वर्षं गेली.

तू स्वतः अर्ज करून स्टोअरमध्ये गेलास. कर्जतच्या डॉक्टरने सुया टोचून पाहिल्या आणि हात ठणठणीत आहे म्हणाला. तू म्हणालास, आज हाय, त्या दिवशी नव्हता. मी फोरमन झालो. पत्र्याचा नवा हात केला तेव्हा येती तार ठेवायची की नाही असा प्रश्न आला. साहेब म्हणाले, माणसाच्या हातावर विसंबून काय होतं ते पाहिलंच आपण. लाल खुणा करा. मी लाल खुणा केल्या. तुझ्या येत्या तारेच्या अपघाताने माझा वाद मला जिंकून दिला, आणि मी तो घेतला. पुढे कुपी तडकायच्या, काम रेंगाळायचं, माणसं त्या जागेवर टिकेनात. मग बाहेरून यंत्र आलं आणि दोन्ही हातमोजे भंगारात गेले. तुझा मी ठेवून घ्यायला हवा होता. कोणी विचारलं असतं तर काय सांगणार, म्हणून नाही घेतला.

सांगायच्या संधी किती आल्या त्या मोजायची मला लाज वाटते. खालापूरच्या स्टँडवर एकदा आपण एसटीची वाट बघत होतो, दोघंच. चहावाल्याने काचेचा ग्लास पुढे केला तर तू म्हणालास, "खाली ठेव रं बाबा, मंग मी उचलतो." मग ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यालास. मी सांगायला तुझ्याकडे वळलो. तेव्हाच तू म्हणालास, "सायेब, तुमचंच बरोबर होतं. डोळ्यानं बगूनच कराया पायजे. हाताचा भरवसा नाय." सात वर्षं ज्या वादात तू हार मानली नव्हतीस, ती हार तू आपणहून माझ्या हातात ठेवलीस. मी म्हटलं, "असू दे रे, जुनं झालं." तेवढ्यात एसटी आली. एसटी आली याचा मला आनंद झाला.

आधी वाटायचं, तुझ्या मुलीचं लग्न ठरू दे, मग सांगू. मग वाटलं, निवृत्त होऊ दे. मग वाटलं, आता याला सांगून याचा काय फायदा, उगाच जुनी जखम उकरायची. असं म्हणता येतं आणि ते शहाणपणाचंही वाटतं. जखम तुझी होती आणि ती न उकरण्याची काळजी मी घेत होतो.

कावीळ पोटात गेली असा निरोप आला, तेव्हा मी ठरवूनच तुझ्याकडे आलो. नेरळहून चालत येताना वाक्य तोंडात घोळवत होतो. तू खाटेवर होतास, डोळे हळदीसारखे पिवळे. घरातले बाहेर गेले. तू माझा हात हातात घेतलास. मी तोंड उघडणार, तोच तू विचारलंस, "लई जोरात धरला का, सायेब?"

तुझ्या हातात जोरच नव्हता रे. मी म्हटलं, "नाही, बरोबर धरलास." तेवढं एकच खरं मी तुला बोललो, आणि ते ऐकून तू हात सोडलास, कारण तुला ते पटलं नाही. मग तुला ग्लानी आली. मी तासभर बसून होतो. झोपलेल्या माणसाला सांगावं का असाही विचार केला. तेही केलं नाही. तीन दिवसांनी निरोप आला.

तुझ्या बाराव्याला आलो. जेवणं उरकल्यावर सुंदरावहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या, मांडीवर तुझी नात. पाच महिन्यांची झाली. वहिनींचे बांगड्यांविना मोकळे हात मी पाहत नव्हतो, पण दिसत होते.

"हिला त्यांनी येकदा पन घेतली नाय," वहिनी म्हणाल्या. "बाजूला बसून बगत राहायचे. मी म्हनायची, घ्या की हो, तुमचीच नात हाय. तर म्हनायचे, हात कदी मरंल सांगता येत नाय, मना भ्या वाटतंय."

वहिनींनी नातीला मांडीवर सावरलं.

"आनी रोज सकाळी माजी येक बांगडी काढून घ्यायचे. काचेची. चिमटीत धरायचे, दाबायचे, सोडायचे. अकरा वर्सं, सायेब. येक बांगडी फुटली नाय. तरी म्हनायचे, आज नाय फुटली, उद्या फुटंल. मी किती भांडले त्यांच्याशी! म्हनायची, हात चांगला हाय तुमचा, कुनी सांगितलं मेलाय म्हनून? बांगड्या फोडल्या त्या शेवटी बायांनी फोडल्या, त्ये गेले त्या दिवशी."

नात रडायला लागली. वहिनींनी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमी तर रोज संगती होतात. खरं सांगा, झालं होतं का काय त्यांच्या हाताला?"

दुपारची वेळ होती. पडवीत दुसरं कोणी नव्हतं. साहेब नव्हते, फोरमनची जागा नव्हती, मुलीचं लग्न कधीच झालेलं. गमावण्यासारखं माझ्याकडे काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. समोर एक बाई होती जिने अकरा वर्षं एकटीने खरं धरून ठेवलं होतं आणि तिला फक्त 'हो, तुमचंच बरोबर होतं' एवढं हवं होतं.

"नसेचा काहीतरी विकार होता, वहिनी," मी म्हणालो. "होतं असं एखाद्याला. डॉक्टरांनाही कळत नाही."

त्यांनी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"म्हंजे त्येच खरं बोलत होते," त्या म्हणाल्या. "आनी मी उगाच भांडले त्यांच्याशी."

मी मान हलवली, काशिनाथ.